कणगीचा तळ

जीवननं मोबाइल खांद्याच्या वर धरला आणि बांधावरच्या ताडाला पाठ टेकली. झरीच्या त्या पाड्यात नेटवर्क फक्त या एका ताडाखाली यायचं, आणि तेही माणूस उगवतीकडे तोंड करून उभा राहिला तर. घरापासून इथवर एकशे दहा पावलं होती. ओटीपीची मुदत तीन मिनिटांची, म्हणून तो आधीच येऊन उभा राहिला होता.

"आला का?" स्पीकरवरून निधी मॅडमचा आवाज आला.

"आला, आला. सांगू?"

"सांगा."

त्यानं सहा आकडे एकेक करून वाचले. पलीकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ नुसता पंख्याचा.

निधी डहाणूच्या किनाऱ्याकडची, चिकूच्या वाडीवाल्या घरातली. स्टेशनजवळ मोटारसायकलींच्या दुकानात एका कोपऱ्यात तिचं टेबल होतं. तिथे बसून ती एका बँकेची कार्डं काढून द्यायची. जीवन तिथे हप्ता विचारायला गेला होता आणि बोलता बोलता त्यानं आपलं जुनं कार्ड तिच्यापुढे ठेवलं होतं.

"झालं, जीवनभाऊ," ती म्हणाली. "जुन्या कार्डावरचे ऐंशी हजार नव्या कार्डावर आले. आता त्यावर एकदाच दोन टक्के फी आणि महिन्याला एक टक्का, दोन्हींवर जीएसटी. सहा महिने. त्यानंतर जे उरेल त्याला पावणेचार टक्के, जुन्यासारखेच. कळलं ना?"

"हो मॅडम."

"जुन्यावर तेराशे राहिलेत. नव्याच्या मर्यादेत तेवढे बसले नाहीत. ते आजच भरा आणि फोन करून कार्ड बंद करायला सांगा. आणि नवं कार्ड घरात डब्यात टाका. खिशात नको."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका. हे औषध नाही, मुदत आहे."

जीवननं फोन बंद केला. बांधाच्या उतारावर त्याचा बाप लडक्या उकिडवा बसून कोयत्याला धार लावत होता. दगडावर पाणी शिंपडून तो थांबला.

"कोन बाई होती?"

"बँकेची. बा, कार्डाचं मिटवलं एकदाचं."

"फेडलंस?"

"फेडलं म्हणजे... या बँकेनं त्या बँकेला दिलं. आता मी या बँकेला देणार. व्याज कमी."

लडक्यानं कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजे शेठ बदललास."

"तसं नाही रे बा."

"माझ्या बानं बी बदलला होता."

ही गोष्ट जीवननं लहानपणी ऐकली होती, पण तुटक तुटक. लडक्याचा बाप हाल्या यानं लग्नासाठी एका शेठकडून दोनशे रुपये घेतले होते आणि त्या बदल्यात तो शेठच्या शेतावर राबत होता. अशा माणसाला तेव्हा लगीनगडी म्हणत. नऊ वर्षं राबला तरी दोनशेचे दोनशेच राहिले. मग एक दिवस दुसऱ्या गावचा शेठ आला, त्यानं पहिल्याच्या हातावर दोनशे रुपये मोजले आणि हाल्याला बायकोसकट आपल्याकडे घेऊन गेला.

"नव्या शेठनं घोंगडी दिली," लडक्या म्हणाला. "पयला पावसाळा शिवी नाय दिली. बा सांगायचा, त्या साली तो हसत कामाला जायचा."

"मग?"

"मग पावसाळा सरला."

लडक्या पुन्हा धार लावायला लागला. जीवन हसला. नोव्हेंबरचं ऊन कोवळं होतं, कापलेल्या भाताचा वास अजून शेतात होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं.

त्या दोन वर्षांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. विहिरीच्या पायरीवरून घसरून त्याच्या आईचा, शुक्रीचा पाय मोडला, तेव्हा सेहेचाळीस हजार कार्डावर गेले. मग घरावरचे पत्रे, मग मोबाइल, मग मोटारसायकलचं इंजिन. कार्ड मिळालं होतं हायवेवरच्या पेट्रोलपंपावर टेबल मांडून बसलेल्या एका माणसाकडून. फुकट आहे, असं तो म्हणाला होता. बिलावर दोन आकडे यायचे, एक मोठा, एक लहान. लहान आकडा भरला की बँकेचं समाधान होतं, अशी जीवनची समजूत होती. चौदा महिने त्यानं लहान आकडा भरला. दर महिन्याला चार हजार गेले आणि मोठा आकडा चार-पाचशेंनी हलला. उंबरगावकडच्या प्लास्टिकच्या कारखान्यात तो मशीन चालवायचा. हातात साडेएकवीस हजार यायचे.

"हे तेराशे तेवढे भरतो आता," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा मोबाइल वर धरला.

"समदं साफ करशील?"

"हो. मग ते कार्ड बंद."

"नको."

"का?"

"कणगीचा तळ दाखवू नये." पाणी भरून आण म्हणावं इतक्या सहज लडक्या हे म्हणाला. "मूठभर ठेवावं. कवा तरी दार ठोकायचं झालं तर आतून कोनी वळखायला पायजे. मांडवाच्या आदल्या दिशी टाक ते तेराशे."

जीवननं वाद घातला नाही. खरं सांगायचं तर ते कार्ड बंद करायची त्यालाही भीती वाटत होती. त्याच्या पाड्यातल्या माणसाला बँक दुसऱ्यांदा कार्ड देईल की नाही, कोण सांगणार? तेराशे रुपयांवर व्याज असं किती येणार, पन्नास-साठ? किमान रक्कम भरत राहिलं की झालं. जुनं कार्ड त्यानं मोबाइलच्या कव्हरमागे होतं तिथेच राहू दिलं.

मांडव म्हणजे लडक्या आणि शुक्रीच्या लग्नाचा.

ती दोघं चौतीस वर्षं एका घरात राहत होती. लग्न राहिलं होतं. पाड्यात याचं कुणाला नवल नव्हतं. आधी संसार, मग जमेल तेव्हा लग्न, अशी कितीतरी घरं होती. फक्त एक गोष्ट पक्की होती, आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. जीवनची जयश्री चार वर्षांपूर्वी या घरात आली होती. तिचंही लग्न लडक्या-शुक्रीच्या लग्नामागे थांबलं होतं. दोन्ही एकाच मांडवात उरकायची, असं ठरून तीन वर्षं झाली होती.

अडलं होतं लडक्यामुळे. हाल्याची घोंगडी तो विसरला नव्हता. घरात उधारी असताना मांडव घालायचा नाही, उधारीच्या तांदळावर आपलं लग्न लागणार नाही, हे त्यानं तरुणपणीच सांगून टाकलं होतं आणि चौतीस वर्षांत बिनउधारीचं एकही साल आलं नव्हतं. कधी दुकानदाराचं, कधी खताचं, आता कार्डाचं. दर वर्षी शुक्री विचारायची, आणि दर वर्षी लडक्या म्हणायचा, "पुढल्या साली."

पण तांदळाची सोय शुक्रीनं करून ठेवली होती. घराच्या आतल्या कोपऱ्यात, शेणानं सारवलेल्या मोठ्या कणगीत, ती तीन वर्षं लग्नाचं भात साठवत होती. खायच्या भाताची कणगी वेगळी. लग्नाच्या कणगीला उपासाच्या दिवसांतही कुणी हात लावायचा नाही.

डिसेंबरपासून जीवननं दर महिन्याच्या पंचवीस तारखेला चौदा हजार भरले. कारखान्यात तो रविवारीही जायचा. जयश्री बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वखारीत प्रतवारीला जायला लागली. संध्याकाळी परतायची तेव्हा तिच्या बोटांना चिकाचे काळे डाग असायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती बँकेचा आकडा लिहायची. अडुसष्ट हजार आठशे चोपन्न. पंचावन्न हजार सहाशे सहासष्ट. बेचाळीस हजार तीनशे तेवीस.

"हे खरं उतरतंय हं," जानेवारीत ती म्हणाली होती. "मला वाटलेलं, ती बाई गोड बोलून गंडवणार."

"मेमध्ये शेवटचे पंधरा हजार तीनशे, की संपलं."

"मग वैशाखात बार उडवायचा का?" जयश्री शुक्रीला म्हणाली. "आये, तुमी आधी का आमी आधी?"

"आमी आधी. आमी मोठी," शुक्री म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. लडक्या दाराबाहेर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोयता घेऊन बांबू बघायला गेला. मांडवाचे बांबू.

कैनाडला शुक्रीचं माहेर. तिथली रूपी ही जाणती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. तिला निरोप गेला. तिनं उलटा निरोप धाडला की यंदा नक्की का, ते आधी सांगा, चौतीस वर्षांत माझा आवाज गेला.

मार्चच्या दुसऱ्या तारखेला सकाळी लडक्याच्या हातातला चहाचा पेला निसटला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. पाड्यातल्या प्रविणच्या इको गाडीतून त्याला नेलं. सगळ्यांत जवळचा मोठा दवाखाना राज्याची हद्द ओलांडून पलीकडे होता. खिडकीवरची बाई हिंदीत म्हणाली की सरकारी योजनेचे कागद जमतील, पण त्याला दोन-तीन दिवस जातात, इंजेक्शन आज द्यायचं आहे, आता तीस हजार भरा.

जीवननं खिसे चाचपले. नवं कार्ड घरात डब्यात होतं. त्यानं मोबाइलचं कव्हर काढलं.

मशीननं थोडा विचार केला आणि चिठ्ठी बाहेर आली. बाईनं ती फाडून त्याला दिली. त्या क्षणी जीवनला आपल्या बापाचा इतका अभिमान वाटला की त्याचे डोळे भरून आले. मूठभर ठेवलं होतं, आतून कुणीतरी ओळखलं होतं. चार दिवसांनी त्याच कार्डावर आणखी अठ्ठावीस हजार गेले.

लडक्या वाचला. अकराव्या दिवशी घरी आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता, आणि शब्द. घशातून आवाज निघायचा, त्याचा शब्द होत नव्हता.

अठरा तारखेला जीवन डहाणूला निधीच्या टेबलापाशी बसला होता. दुकानात कुणीतरी नव्या गाडीला हार घालत होतं. निधीनं त्याच्या मोबाइलवर दोन्ही बिलं उघडली, आणि एका कागदावर दोन आकडे लिहिले.

"ते तेराशे भरा म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"किमान रक्कम भरत होतो, मॅडम. दर महिन्याला. एकदाही चुकवली नाही."

"तेच ना. पूर्ण फिटलेलं असतं, तर नव्या खर्चाला पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळाले असते. थोडं जरी मागे राहिलेलं असलं, की जे काही घ्याल त्याला पहिल्या दिवसापासून व्याज. तुमच्या तीस हजारांना दोन तारखेपासून लागलंय, अठ्ठावीसना सहापासून."

"बा म्हणाला होता..." जीवन थांबला. टेबलावरच्या काचेखाली निधीच्या वाडीचा फोटो होता, चिकूच्या झाडाखाली कुणी म्हातारे गृहस्थ बसलेले.

"काय म्हणाले होते?"

"काही नाही. पण कार्ड होतं म्हणून बा वाचला, मॅडम."

निधीनं मान हलवली. "ते खरंय," ती हळू म्हणाली. "ते मी कसं नाकारू?"

तिनं कागद त्याच्याकडे फिरवला. नव्या कार्डावर बेचाळीस हजार आठशे. जुन्यावर एकसष्ट हजार दोनशे. खाली रेघ आणि बेरीज, एक लाख चार हजार. नोव्हेंबरात एक्क्याऐंशी हजार तीनशे होते.

"बेचाळीस हजार फेडलेत मी," जीवन म्हणाला.

"फेडलेत. दिसतायत ते. नाहीतर आज हे दीड लाखाकडे गेलं असतं." निधीनं पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "पंचवीस तारखेचे चौदा हजार आहेत का?"

"साडेचार आहेत. बारा दिवस खाडा झाला."

"ते चुकले तर एक टक्क्याची सवलत रद्द. अटीत आहे."

दुकानाच्या दारात फटाक्यांची छोटी माळ वाजली. नव्या गाडीवाल्याच्या बायकोनं कान झाकले.

"परत तसं होईल का?" जीवननं विचारलं. "तिसऱ्या बँकेत. दोन्ही एकत्र."

"होईल. मी दुसऱ्या एका बँकेचंही काम करते. पगाराच्या चिठ्ठ्या चांगल्या आहेत तुमच्या, हप्ते वेळेवर आहेत. सव्वा लाखाची मर्यादा मिळेल. परत सहा महिने." तिनं गणकयंत्र पुढे ओढलं, आकडे दाबले आणि ते त्याच्यासमोर ठेवलं. "महिन्याला साडेअठरा भरावे लागतील. तरच सुटाल. भराल?"

साडेएकवीसातून साडेअठरा. जयश्री आता लडक्याजवळ घरीच होती.

"नाही भरलेत, तर सातव्या महिन्यात आपण परत इथेच बसलेले असू. मला प्रत्येक फॉर्ममागे बाराशे मिळतात, म्हणून मी जास्त बोलत नाही. तुम्ही ठरवा."

"भरा फॉर्म," जीवन म्हणाला.

निधीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मोबाइल हातात घेतला. "रविवारी सकाळी शेवटचा ओटीपी येईल. दहाच्या सुमारास मी फोन करते."

रविवारी, तेवीस तारखेला, जीवन पावणेदहालाच ताडाखाली उभा होता. ऊन आता टोचत होतं. विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा जवळ आली होती आणि दूर रस्त्यावरून एका टेम्पोत पाळण्यांचे लोखंडी सांगाडे चालले होते. उतारावर लडक्याचा धारेचा दगड पडून होता. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

दहाला पाच मिनिटं असताना घराकडून धप धप असा आवाज आला. सारवलेल्या बांबूवर थाप मारल्यासारखा. तो आवाज त्यानं आधी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे कसला ते त्याला लगेच कळलं नाही. मग दारापुढे उभा असलेला लहान टेम्पो दिसला. तलासरीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याचा माणूस, मनिष, छपराच्या आडव्या वाशाला वजनाचा काटा अडकवत होता.

हातात मोबाइल थरथरला. निधीचं नाव. त्याच्या वर संदेशाची पट्टी, तिच्यात सहा आकडे.

जीवननं ते पाहिले. मग घराकडे पाहिलं. पुन्हा थाप पडली.

तो बांधावरून उतरला. चौथ्या की पाचव्या पावलाला फोनचा आवाज मध्येच तुटला. नेटवर्क तिथेच संपायचं.

घरात कणगी आडवी केली होती. तीन वर्षं उभी असलेली वस्तू आडवी पडल्यावर खोली एकदम मोठी दिसत होती. दाराशी गोण्यांची रास होती. जयश्रीच्या केसांत भुसा होता. शुक्री अर्धी कणगीत शिरून सूप भरत होती, आणि बाजेवर भिंतीला टेकवून बसवलेला लडक्या ते पाहत होता.

"आये, हे लगनाचं भात आहे."

"ठावं हाय." शुक्री मागे सरकून बाहेर आली. सूप तिनं गोणीत पालथं केलं. "पंचवीस तारखेला किती कमी पडतात?"

त्यानं जयश्रीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

"साडेनऊ हजार."

"मनिष क्विंटलला एकोणीसशे देतो म्हनतो."

"जूनं भात हाय, माशी," मनिष दारातून म्हणाला. "बीजा कोई सोळाशेच्या वर नाय देनार. पाच क्विंटल भरलं तर साडेनऊ बरोबर."

"मी करतोय ना दुसरी सोय," जीवन म्हणाला.

"कोनाकडं?"

"एक बँक आहे."

"तिसरी?"

शुक्रीनं सूप मांडीवर उभं धरलं आणि त्याच्या काठातली कुसळं नखानं काढली.

"घोंगड्या तरी किती घेशील रे पोरा," ती म्हणाली.

एवढं बोलून ती खराटा घेऊन पुन्हा कणगीत शिरली. आतून खराट्याचा आवाज येत राहिला, आधी दाण्यांवरचा, मग नुसत्या बांबूवरचा. ती बाहेर आली तेव्हा सुपात दोनेक ओंजळी भात होतं, धुळीसकट. कणगीच्या तोंडातून उजेड आत गेला होता आणि तळाचं विणकाम दिसत होतं. तीन वर्षांत या घरातल्या कुणीच ते पाहिलं नव्हतं.

लडक्याच्या घशातून आवाज निघाला.

त्याचा डावा हात वर आला होता. बोटं मिटून मूठ केलेली, मनगट कणगीकडे. त्यानं ती मूठ दोनदा हलवली. तो काय म्हणतोय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. जीवन पुढे झाला, त्यानं सुपातलं मूठभर भात उचललं आणि तो कणगीकडे वळला.

शुक्रीनं त्याचं मनगट धरलं.

"टाक ते," ती म्हणाली.

त्यानं मूठ सोडली. दाणे सुपात परत पडले. शुक्रीनं सूप घेतलं आणि ती लडक्याच्या बाजेपाशी गेली. सुपातलं मूठभर तिनं स्वतःच्या हातानं उचललं, त्याचा डावा तळवा उघडला, त्यात ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"घे. तुझ्यापाशी ठेव."

उरलेलं भात तिनं शेवटच्या गोणीत ओतलं. गोणी ओढून बाजेलगत घेतली, तिथेच खाली बसली आणि दाभण-सुतळी घेऊन गोणीचं तोंड शिवायला लागली. डोक्यावरचा पदर मघाच कणगीत शिरताना घसरला होता. पिकलेल्या केसांचा भांग लडक्याच्या गुडघ्यापाशी होता.

लडक्या त्याकडे पाहत होता. त्याचा हात हळूहळू वर आला. शुक्रीच्या डोक्यावर येऊन हात थांबला आणि बोटं उघडली.

दाणे तिच्या भांगात पडले, कानामागे, खांद्यावर, काही घरंगळत मांडीवर. शुक्रीचा दाभणाचा हात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. जयश्री उभी होती ती अजून सरळ उभी राहिली आणि तिनं आपल्या डोक्यावरचा पदर सारखा केला. बाहेर मनिष काट्याच्या साखळीशी उगाचच काहीतरी करत राहिला.

मग शुक्रीनं पुढचा टाका घातला. आणखी दोन. गाठ मारली आणि सुतळी दातांनी तोडली.

"मनिष, वजन कर."

एकेक गोणी काट्याला लागली. मनिष आकडे बोलत वहीत लिहीत होता आणि जीवन ते मोबाइलवर मांडत होता. सगळ्यांत वर अजून तो संदेश होता, मुदत संपलेला. शेवटची गोणी झाल्यावर मनिषनं बेरीज केली.

"चार क्विंटल ब्याण्णव."

आठ किलो कमी. नऊ हजार तीनशे अठ्ठेचाळीस. जीवननं खिशात हात घातला. एकशे बावन्न रुपये होते का ते तो चाचपू लागला.

शुक्री गुडघ्यावर हात ठेवून उठली. मोडलेल्या पायावर भार द्यायला तिला अजून जमत नसे. ती दारात आली, उन्हात, केसांतले दाणे तसेच घेऊन. कुणी तिला ते झटकायला सांगितलं नाही आणि तिनंही हात वर नेला नाही. ती काट्याजवळ जाऊन उभी राहिली.

"परत वाच," ती मनिषला म्हणाली. "पयल्यापासून. सावकाश."